वाहन आणि वहाणा

मराठीत ‘वाहन’ आणि ‘वहाण’ हे दोन शब्द एकमेकांच्या इतके शेजारी राहतात की, वर्गात शुद्धलेखन घातले म्हणजे दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी देवीला वाहनाऐवजी वहाणेवर बसवतो. कुळे मात्र दोघांची निराळी. ‘वाहन’ हे वाहून नेणारे. ‘वहाण’ संस्कृतातल्या ‘उपानह्’पासून झिजत झिजत आपल्या पायाशी आलेली. पण भाषेने केलेली ही शेजारजोड मला अलीकडे फार अर्थपूर्ण वाटू लागली आहे. कारण वाहनालाही वहाणा असतात, आणि वाहन कितीही उंची असले तरी शेवटी ते चालते त्या वहाणांवरच.

आपल्याकडे टायर येण्याच्या कितीतरी आधी बैलगाडीच्या चाकाला ‘धाव’ होती. लोहार लोखंडी पट्टी भट्टीत लाल होईपर्यंत तापवी, ती लाकडी चाकावर चढवी आणि वरून घागरीने पाणी ओती. पट्टी आक्रसे आणि चाकाला अशी आवळून बसे की, वर्षानुवर्षे हलू नये. तिला नाव दिले ‘धाव’. इंग्रजीतला ‘टायर’ हा शब्द ‘पोशाख’ या अर्थाच्या एका शब्दाचा आखूड झालेला अवशेष असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे इंग्रजाने चाकाने काय नेसले आहे ते पाहिले, आणि आपल्या गाडीवानाने चाक काय करते ते पाहिले. या बाबतीत गाडीवानाची नजर अधिक पक्की, असे माझे मत आहे; मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे ते पक्षपाती आहे, हे वाचकांनी धरून चालावे.

मोटार घेताना आपण काय काय विचारतो! लिटरला किती किलोमीटर देते, रंग कोणकोणते, मागच्या आसनावर आजींना चढता येईल का, गाणी ऐकायची सोय कशी आहे. ‘टायर कोणते?’ असे विचारणारा गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. लग्नात नवरदेवाचा फेटा सारा मांडव पाहतो. त्याच्या जोड्यांवर नजर असते ती फक्त ते लपवायला टपलेल्या मेव्हणीची.

मलाही या विषयाची गोडी लागली ती माझ्या भाच्यामुळे. तो जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीस आहे. स्टुटगार्ट म्हणजे मोटारींचे पंढरपूरच. मर्सिडीज तिथली, पोर्शे तिथली. झुफेनहाउझेन या उपनगरात पोर्शेचा कारखाना आणि संग्रहालय समोरासमोर उभे आहे. एका दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या इमारतीच्या तळघरात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक भाच्याची माझदा एमएक्स-५. जुन्या बाजारात घेतलेली, दोन माणसांपुरती, छप्पर मागे लोटता येते अशी. दुसरी शेजाऱ्याची पोर्शे ९११ जीटी३. हा शेजारी पन्नाशीचा, दातांचा डॉक्टर, अतिशय मितभाषी. त्याची गाडी मितभाषी नव्हती.

दोन्ही गाड्या ‘स्पोर्ट्स कार’ याच जातीत मोडतात; पण एक तमाशातली ढोलकी, तर दुसरी देवळातली नौबत. माझदाचे इंजिन दीड लिटरचे, अश्वशक्ती १३१, वजन एक टनाच्या आसपास. पोर्शेचे इंजिन चार लिटरचे, अश्वशक्ती ५१०, वजन सुमारे १,४३५ किलो, आणि ते इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेते. माझदाचे टायर १९५ मिलिमीटर रुंद. पोर्शेचे पुढचे २५५ आणि मागचे ३१५. मागून पाहिले तर ते टायर नव्हेत, रस्ता दाबायचे रोलर वाटतात.

मी साहजिकच म्हणालो, “एवढी रुंद चाकं म्हणजे जमिनीला किती टेकत असतील!”

भाचा हसला. “मामा, तुम्हीच हिशेब करा. गाडीचं वजन भागिले टायरमधल्या हवेचा दाब. तेवढीच जागा जमिनीला टेकते.”

हिशेब केला. माझदा दोन माणसांसह बाराशे किलो धरली तर एका चाकावर तीनशे किलो आले. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या आसपास. म्हणजे एक चाक जमिनीला टेकते सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटर. पोर्शेचे वजन जास्त आणि हवाही थोडी जास्त. उत्तर येते एकशे साठच्या आसपास. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, तेव्हा हा हिशेब ढोबळच. पण मुद्दा त्याने बदलत नाही. आपल्या डाकघरातले पोस्टकार्ड चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. त्याहून थोडी मोठी अशी चार कार्डे जमिनीवर ठेवा. तुमची, माझी आणि त्या दंतवैद्याची मोटार एवढ्याच जमिनीला धरून आहे. रुंद टायरने या कार्डाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. कार्ड उभ्याचे आडवे होते, इतकेच. आडव्या कार्डाचा वळणावर फायदा होतो, म्हणून शर्यतीच्या गाड्या रुंद टायर घालतात. पण ५१० घोडे उधळले काय आणि १३१ उधळले काय, त्यांची टाच टेकायला जागा साधारण सारखीच.

शाळेत आपण शिकलो की, घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, “तो नियम लाकडाच्या ठोकळ्याला ठीक. रबर मोठा लबाड पदार्थ आहे.” रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरते, क्षणभर चिकटते, ताणले जाते आणि पुन्हा मूळ रूपावर येताना थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने गमावते. आपली सारी पकड या चिकटण्यात आणि गमावण्यात आहे. रबर जितके मऊ तितकी पकड जास्त, आणि झीजही जास्त. टिकाऊपणा हवा तर पकड सोडा, पकड हवी तर टिकाऊपणा सोडा. टायर बनवणाऱ्याचा सारा जन्म या दोन सवतींचा संसार सांभाळण्यात जातो.

या संसाराचा इतिहासही मोठा रंगतदार आहे. मूळचे रबर उन्हात पाघळे आणि थंडीत तडके. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाच्या हातून गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीवर पडले आणि टिकाऊ रबराची युक्ती जगाला मिळाली. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट टॉमसन या स्कॉट माणसाने १८४५ मध्येच घेतले होते. पण ते काळाच्या इतके पुढचे होते की लोक विसरून गेले. मग १८८८ मध्ये बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी बसवली आणि तीच कल्पना नव्याने जन्माला आली. मोटारीवर ती चढवली फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत ते स्वतः हवेच्या टायरची गाडी घेऊन उतरले. वाटेत पंक्चरांमागून पंक्चरे झाली. पण हवेवर मोटार चालते एवढे लोकांना दिसले. त्याच मिशलँच्या जाहिरातीतला टायरांच्या वळकट्यांचा गलेलठ्ठ बाहुला तुम्ही पाहिला असेल. तो १८९८ चा. तो पांढरा का, असा प्रश्न मला नेहमी पडे. उत्तर सोपे आहे: त्या काळी टायर फिकट रंगाचेच असत. त्यांत काजळी मिसळली की ते कितीतरी अधिक टिकतात, हे नंतर कळले, आणि जगातले सारे टायर काळे झाले. बाहुला मात्र गोराच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. आधीच्या टायरात दोऱ्यांचे थर बाजेच्या सुतळीसारखे तिरपे, एकमेकांवरून गेलेले असत. वळणावर सगळी बाज कुरकुरे आणि तळवा वाकडा होई. रेडियलमध्ये दोरे पिंपाच्या फळ्यांसारखे सरळ, आणि वरून पोलादी पट्टा. भिंत लवते, पण तळवा सपाट राहतो. आज आपल्या साध्यातल्या साध्या मोटारीला हाच टायर असतो.

त्याआधीच्या टायरांवर लोक काय धाडस करीत, याचा नमुना म्हणजे १९६१ ची जॅग्वार ई-टाइप. जिनीव्हाच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा ताशी दीडशे मैलांची, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरची, तिची कीर्ती झाली. गाडी अशी देखणी की, मोटारीतले ओ की ठो न कळणारा माणूसही थबकून पाहील. पण एका इंग्रजी मोटार-नियतकालिकाने ज्या ई-टाइपवर तो दीडशेचा आकडा गाठून दाखवला, तिला डनलॉपचे शर्यतीचे टायर चढवलेले होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मिळे तो टायर साडेसहा इंचांहूनही अरुंद. आपल्या मारुती बलेनोच्या वरच्या प्रतीला १९५ मिलिमीटरचे टायर येतात, ते त्या जॅग्वारच्या टायरांपेक्षा रुंद आहेत! कीर्ती गाडीची झाली, आणि टायर बिचारा पानाच्या तळटीपेत राहिला.

ही परंपरा अजून चालू आहे. शेजाऱ्याच्या पोर्शेच्या भावंडाने न्यूर्बुर्गरिंगच्या डोंगरी वर्तुळाची २०.८३२ किलोमीटरची फेरी ६ मिनिटे ५९.९२७ सेकंदांत पुरी केली. हे वर्तुळ १९२७ पासूनचे, घाटातल्यासारखी वळणे एकापाठोपाठ एक. या आकड्याची पत्रके जगभर गेली. पण त्या दिवशी गाडीला जे टायर होते ते मिशलँचे ‘कप २ आर’, म्हणजे रस्त्यावर वापरायची कायद्याने परवानगी आहे, पण जीव मात्र शर्यतीच्या मैदानात रमतो, असे. शेजाऱ्याच्या गाडीला त्यांच्याहून एक पायरी मवाळ, साधे ‘कप २’ होते. त्यांची नक्षीही अशी की, नक्षी आहे म्हणायची आणि गप्प बसायचे. दोनचार लांब चर, बाकी सगळे गुळगुळीत. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर हे रबर डिंकासारखे धरते.

वेगाचे खरे राज्य टायरकडेच आहे, याचा याहून मोठा पुरावा बुगाटीने दिला. तिची शिरॉन ही दीड हजार अश्वशक्तीची गाडी २०१६ मध्ये आली. पण वेग ताशी ४२० किलोमीटरवर बांधून ठेवलेला. इंजिनाला आणखी धावायचे होते, टायरांनी हात जोडले. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये खास मजबूत केलेले मिशलँ टायर बसवून, गाडीवर चढवण्याआधी त्यांची क्ष-किरणांनी तपासणी करून, अँडी वॉलेस या चालकाने जर्मनीतल्या एरा-लेसिअनच्या धावपट्टीवर ताशी ४९०.४८४ किलोमीटर गाठले. त्या वेगाला टायरच्या कडेवरचा प्रत्येक ग्रॅम पाच किलोंहून अधिक जोराने बाहेर उडू पाहतो. आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी हे गणित मला कागदावर करून दिले, तेव्हा हवेच्या नळीवरचे ते इवलेसे टोपणसुद्धा मला भयंकर वाटू लागले.

आता कोणी म्हणेल, मग जितका भारी टायर तितकी गाडी चांगली! इथेच गंमत आहे. टोयोटाने २०१२ मध्ये ‘जीटी ८६’ नावाची दोनशे अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार काढली आणि तिला मुद्दाम साधेसे टायर दिले; प्रायस या काटकसरी घरगुती मोटारीच्या काही प्रतींवर जे येत तेच. शर्यतबाज लोकांनी नाके मुरडली. पण अभियंत्यांचा विचार असा की, रस्त्यावर चालवणाऱ्याला गाडीचा स्वभाव कमी वेगातच कळला पाहिजे. पकड प्रचंड असली की गाडी ताशी दीडशेपर्यंत काही बोलतच नाही. आणि बोलते तेव्हा एकच वाक्य बोलते, त्यानंतर संवादाला वाव राहत नाही. साधा टायर आधीपासून कुरकुरतो, सूचना देतो, चुकाल तर सावरायला अवसर देतो. कडक शिस्तीचा पण आधी दोनदा बजावणारा मास्तर बरा, की गप्प राहून एकदम छडी मारणारा? मला तरी अभियंत्यांचे पटते.

हे नुसते पुस्तकी राहिले असते. पण त्या सुटीत उल्म गावाकडे जाताना त्याचा प्रत्यय आला. भाचा माझदा चालवीत होता. ऑक्टोबरअखेरचा पाऊस, आपल्या आषाढासारखा धो धो नव्हे, पण चिवट. ऑटोबानवर पुष्कळ ठिकाणी वेगाला मर्यादा नाही. ताशी १३० ची शिफारस आहे, इतकेच. आम्ही शंभराच्या आसपास असू. मालमोटारींनी रस्त्यात पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचले होते. एका उताराशी इंजिनाचा आवाज एकाएकी चढला, जणू कोणी गियर काढून घेतला, आणि भाच्याच्या हातातले चक्र, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, “रिकामं झालं.” त्याने ब्रेक दाबला नाही, चक्र फिरवले नाही, फक्त पाय हळूच वर घेतला. एक-दीड सेकंद. मग खालून रस्त्याची घरघर पुन्हा ऐकू आली. आम्ही दोघेही पुढची पाच मिनिटे काही बोललो नाही. तेवढ्यात एक पाटी आली: ८०, आणि खाली ‘बाय नेसं’, म्हणजे रस्ता ओला असताना. ऊन असेल तर ती पाटी नसल्यासारखीच! वेगाची मर्यादा पावसावर ठरवणाऱ्या त्या पाटीला मी मनोमन नमस्कार केला.

त्या दीड सेकंदात आमची गाडी पाण्यावर तरंगत होती. टायरपुढे पाण्याची पाचर शिरते आणि ती चार पोस्टकार्डे जमिनीवरून उचलली जातात. नक्षी झिजलेला टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल, याचे एक सूत्र अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून काढले. ते हवेच्या दाबावर चालते. माझदाच्या २९ पौंड दाबाला लावले तर उत्तर येते ताशी नव्वद किलोमीटर. नक्षी जिवंत असेल तर तिचे चर पाणी बाजूला फेकतात आणि ही वेळ पुढे ढकलतात. आणि केवढे पाणी! रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी आहे, टायर वीस सेंटिमीटर रुंद आहे, वेग ऐंशी आहे, असे धरा: एका चाकाला दर सेकंदाला जवळजवळ नऊ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. आता पोर्शेचे मागचे चाक घ्या. ३१५ मिलिमीटर रुंद, म्हणून त्याच वेगाला सेकंदाला चौदा लिटर, जवळजवळ बादलीभर. आणि ते सारायला चर मात्र कमी. कोरड्यात ज्या रुंदीने राजाचा थाट दिला, तीच पावसात वैरीण होते.

परत आल्यावर मी पदार्थविज्ञानवाल्यांकडून आणखी एक हिशेब करून घेतला. दोन अगदी सारख्या गाड्या ताशी शंभर वेगाने शेजारी शेजारी चालल्या आहेत. दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. एकीचे टायर उत्तम. ती चाळीस मीटरच्या आत थांबली. दुसरीची पकड तीस टक्क्यांनी कमी. ती छप्पन्न मीटरवर थांबेल. सोळा मीटरांचाच फरक, असे वाटते. पण पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, त्या रेषेवरून दुसरी अजून ताशी ५५ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. त्या रेषेवर एखादे पोर उभे असेल, तर पहिल्या गाडीवाला त्याला रागावेल. दुसऱ्याचे काय होईल, ते मी लिहीत नाही.

थंडीचा प्रकार आपल्याकडे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तापमान सातेक अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर हिवाळ्यातल्या चिक्कीसारखे कडक होते. जर्मन लोकांची म्हण आहे, ‘ओ ते ओ’: ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टर, हिवाळी टायर घालावे. बर्फ किंवा निसरडे असेल तेव्हा ते कायद्यानेच बंधनकारक आहेत. भाच्याने त्या आठवड्यात माझदाचे टायर बदलून घेतले. शेजाऱ्याचा मार्ग निराळा. त्याच्या गाडीच्या पाटीवर उजवीकडे दोन आकडे होते, वर ०३ आणि खाली १०. मी विचारले तेव्हा कळले की, ही ‘हंगामी पाटी’. मार्च ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रस्त्यावर आणायची, कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी त्याला तळघरात पाहिले. त्याने टायरांत नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरली, एका जागी उभे राहून ते चपटे होऊ नयेत म्हणून. गाडीवर खोळ घातली, आणि एखाद्या लहान मुलाला निजवावे तसा वरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छत्री घेऊन ट्रामच्या थांब्यावर उभा होता. आम्ही माझदातून त्याच्या समोरून गेलो. त्याने हात हलवला. मला वाटते, थोडा हसलाही.

आपल्या देशात टायरचा शत्रू थंडी नव्हे, पाऊस आणि उष्णता. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मुभा. अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याला टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवाव्या लागल्या. उन्हाने रस्ता तापतो म्हणून टायर फुटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि म्हणून पुष्कळ मंडळी उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी भरतात. ही समजूत घातक आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तासभर अखंड वेगात ती उष्णता साठत जाऊन दोरे सुटतात. चालकाच्या दरवाजाच्या कडेला दाबाचा आकडा चिकटवलेला असतो. तेवढी हवा, टायर थंड असताना, घरून निघण्यापूर्वी भरावी. टायरच्या भिंतीवर शेवटी एक अक्षर असते तेही पाहावे: एस असेल तर तो ताशी १८० पर्यंत, टी असेल तर १९०, एच २१०, व्ही २४०. आपल्या घरगुती गाडीला यांतले कोणतेही पुरेसे आहे. पण ते कारखान्याने दिले त्याहून खालचे नसावे. बाकी जाहिरातींतल्या ‘स्पोर्ट’ या शब्दाला भुलू नये. आपल्याला घाटात आणि पावसात जायचे आहे. ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा टायर तो आपला टायर.

एक गोष्ट मात्र अशी आहे की, ती किमतीने विकत मिळत नाही: टायरचे वय. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात पॉल वॉकर हा सिनेनट आणि त्याचा मित्र पोर्शे कॅरेरा जीटी या गाडीत गेले. मोटारींच्या शर्यतींच्याच चित्रपटांनी हा नट जगभर लोकप्रिय झाला होता, त्यामुळे पुष्कळांना तो दिवस आठवत असेल. गाडी मित्र चालवीत होता. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग ८० ते ९३ मैलांच्या दरम्यान होता, असे तपासात निघाले. कारण बेफाम वेग, यात शंका नाही. पण तपासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली: गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. सहाशेहून अधिक अश्वशक्तीची, संग्रहात जपलेली गाडी. अशा गाड्या फार चालत नाहीत, म्हणून टायरांची नक्षी शाबूत दिसते. पण रबर आतून म्हातारे झालेले असते. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, कारण त्याला हवा, ऊन आणि दिवस लागतात, किलोमीटर नव्हे. पुष्कळ मोटार-कारखानदार सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणून सांगतात. दहा वर्षे तर टायरवालेही शेवटची मानतात.

हे वय कळायला ज्योतिषी लागत नाही. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर जन्म २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

ही विद्या हाती आल्यावर गप्प बसवेना. एका रविवारी सकाळी टॉर्च घेऊन मी आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर उतरलो आणि एकेका गाडीशी उकिडवा बसू लागलो. रखवालदार जवळ आला. “सर, काय हरवलं का?” म्हणाला. मी त्याला आकडे दाखवले. मग तोही माझ्याबरोबर बसू लागला. निम्म्याअधिक गाड्यांचे ठीक होते. शेवटच्या कोपऱ्यात एका निवृत्त गृहस्थांची रुपेरी गाडी होती, दर रविवारी शाम्पूने धुतली जाणारी, कुठे ओरखडा नाही. तिच्या टायरवर ०८१२ होते.

ते गृहस्थ फडके घेऊन खाली आले तेव्हा मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “अहो सर, गाडी चालते कुठं? वर्षाला दोन हजार किलोमीटर. नक्षी बघा की! टायर नव्याच्या नवे आहेत.”

“पुढचा प्रवास कुठला?” मी विचारले.

“शिर्डी. नातवाला घेऊन. तिथून समृद्धीनं पुढं नागपूरला जायचं म्हणतोय.”

मी काही न बोलता टॉर्च त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले आणि चारही चाकांचे आकडे मोठ्याने वाचले. मग उठून फडके खांद्यावर टाकले आणि गाडी न पुसताच मुलाला फोन लावला.

पुढच्या रविवारी तळावर तिघेजण टॉर्च घेऊन उकिडवे बसलेले होते, आणि या वेळी रखवालदार त्यांना आकडे समजावून सांगत होता.